आत्याची ओळ कुणी उचलली नाही

गेल्या आठवड्यात कोंडाणे लेण्यांच्या अलीकडे, एका शेताच्या बांधावर मी तोंडाचा आ करून उभी राहिले... तो धक्का अजून ओसरला नाहीये, म्हणून लिहितेय.

मी कर्जतजवळच्या एका गावात, समाजमंदिरात, मुलींचा इंग्लिशचा क्लास घेते. फी नाही. बाबांचं चौक गावात पंक्चरचं दुकान, घरात ग्रॅज्युएट झालेली मी पहिलीच. कॉलेजचं पहिलं वर्ष मी इंग्लिशच्या भीतीने रडत काढलं, या मुलींनी तसं काढू नये एवढंच वाटतं.

सध्या आमचे रेग्युलर व्हर्ब्ज चालू आहेत. आय वॉक, आय वॉक्ड, आय विल वॉक. रोजचं, कालचं, उद्याचं... मुली एका सुरात म्हणतात आणि समाजमंदिर दणाणतं.

त्यात एक मनीषा. बारावी पास, हुशार, पण एकटीने इंग्लिश बोलायची वेळ आली की गप्प. कर्जतच्या एका रिसॉर्टमध्ये रिसेप्शनवर मुलगी हवी होती आणि सोमवारी तिचा इंटरव्ह्यू ठरला होता. नेमकं त्याच्या आदल्या आठवड्यात तिने यायचं बंद केलं.

"लावणी चाललीय मॅडम," तिची मैत्रीण म्हणाली. "आनि तिची आत्या आलीय. तिला मनी सून म्हनून पायजे."

माझं डोकंच फिरलं. मनीषाच्या आईशी दोन हात करायचे ठरवून स्कूटी काढली. वाटेत अख्खं भाषण तयार झालं... मुलीचं करिअर, स्वतःच्या पायावर उभं राहणं, सगळं!

शेतात बायका रांगेने वाकून भाताची रोपं लावत होत्या आणि गाणं चाललं होतं. आमच्याकडे लावणीत एकजण ओळ टाकते, बाकीची रांग ती उचलते आणि त्या तालावर हात चालतात. एखादी ओळ पटली नाही, तर रांग ती उचलत नाही. ती तिथेच चिखलात पडते.

मी जवळ गेले आणि ऐकलं...

"आय प्लांट गं बाय, आय प्लांट..." ओळ मनीषाने टाकली होती.

"आय प्लांटेड गं बाय, आय प्लांटेड!" सगळी रांग.

"आय विल प्लांट गं बाय..."

मी बांधावरच थबकले. मनीषाचा क्लास सुटलाच नव्हता. तिने तो शेतात आणला होता! मग वॉश झालं, पुल झालं, कुक झालं. बायका अर्थ विचारत होत्या, खिदळत होत्या.

"कुक्ड म्हंजे रांधून झालं ना गं?" एक म्हातारी ओरडली. "मंग वाढा की, भूक लागली!"

हशा पिकला. तेवढ्यात मनीषाची आत्या कंबर सरळ करून उभी राहिली. "आता माजी ओळ. लग्नाला काय म्हंत्यात गं?"

मनीषाने पुढचं रोप खोचलं. रांगेतल्याच कुणीतरी सांगितलं, "मॅरी."

"मंग घ्या... आय विल मॅरी गं बाय, आय विल मॅरी!" आत्याने रोपांची मूठ मनीषावर रोखली आणि हसली.

सगळी रांग मनीषाच्या आईकडे, काकींकडे, बघायला लागली. कारण आत्या नुसती पाहुणी नव्हती. ती आपल्या घरच्या बायका घेऊन सावडीला आली होती, आज यांच्या शेतात, उद्या तिच्या. ती रुसून निघाली असती, तर अर्धं शेत तसंच राहिलं असतं.

काकी वाकलेल्याच. एक रोप लावलं... दुसरं लावलं... मान वर नाही, ओळ उचलली नाही. मग रांगेनेही ती उचलली नाही.

"काय वयनी, ऐकू नाय आलं?"

"आलं की वन्सं," काकी म्हणाल्या. "पर ती ओळ तिची तिनं टाकायची. तुमी नाय, आनि मी बी नाय." आणि लगेच खणखणीत आवाजात, "आय वर्क गं बाय, आय वर्क..."

"आय वर्क्ड..." आधी एकट्या मनीषाचा आवाज आला. मग सगळ्या रांगेचा.

आत्या क्षणभर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "लय शानी झालीस वयनी," असं पुटपुटत पुन्हा वाकली. "आय विल वर्क" मध्ये तिचाही आवाज होता की नाही, ते मला नक्की कळलं नाही... पण हात चालू होते.

जिच्याशी भांडायला मी आले होते, तिने माझं सगळं भाषण एका ओळीत करून टाकलं होतं. तेही जिथे तिला सगळ्यात महाग पडलं असतं, तिथे.

मग काकींचं माझ्याकडे लक्ष गेलं. "अगं बाय, ताई, कवा आलात? खाली नका उतरू, चप्पल रुतंल. सोमवारी हिला ड्रेस घालू का साडी, तेवडं सांगा."

इंटरव्ह्यू झाला, रिसॉर्टचा फोन अजून आलेला नाही. काय व्हायचं ते होईल...

त्या दिवशी मी चप्पल बांधावर काढली आणि मनीषाच्या शेजारी रांगेत शिरले. माझी रोपं वाकडी लागली, बायका पोट धरून हसल्या. पण काकींनी पुढची ओळ टाकली, तेव्हा ती सगळ्यात आधी मी उचलली.