शेवटची चाळीस सेकंदं

हे सांगायचं मी पंधरा-सोळा वर्षं टाळलं. कोणी विचारलं नाही, म्हणून खपूनही गेलं.

आमचा मुलगा अमेरिकेत शिकायला गेला आणि तिथल्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात शिरला. खेळायचा कमी, बाकावर बसायचा जास्त. इकडे जर्मनीत, ब्योब्लिंगेनमध्ये, ते सामने साध्या टीव्हीवर दिसत नसत. बायकोनं मला न विचारता, जर्मन फॉर्म स्वतः भरून, स्पोर्ट्स चॅनेलचं सबस्क्रिप्शन घेतलं.

"बाकावर बसलेला बघायला?" मी म्हणालो.

"अहो, घरी होता तेव्हा सोफ्यावर बसलेलाच बघत होते ना."

तिकडची शनिवारची दुपार म्हणजे आमची संध्याकाळ. मुलगा गेल्यापासून आम्ही दोघं वेगवेगळ्या खोल्यांत असायचो. सामना लागला की मी नुसता डोकावायचो, मग खुर्चीवर टेकायचो, मग तिच्या शेजारी बसू लागलो. त्या सबस्क्रिप्शनचे माझ्यावर उपकार आहेत. तीन हिवाळे आम्ही एका सोफ्यावर काढले, आणि थट्टा करत का होईना, मी तिच्याशी बोलत होतो.

संघ बराच पुढे असला की शेवटच्या मिनिटांत राखीव मुलांना उतरवतात, हे तिनं बघून बघून ओळखलं होतं. ती वेळ आली की ती उठायची आणि स्वयंपाकघरातल्या देवापुढे साखर ठेवायला जायची.

एका शनिवारी ती आत असतानाच तो उतरला. चाळीस सेकंदं उरली होती. एकदा चेंडू त्याच्याकडे आला, त्यानं तो नीट पुढे दिला. तेवढंच. मी हाक मारायला हवी होती. पण ज्याची तीन वर्षं टिंगल केली त्याच्यासाठी मी रडतोय, हे तिला दिसायला नको होतं. मी डोळे पुसले आणि टीव्ही बंद केला.

"उतरला का हो?"

"नाही. संपला सामना."

"असू दे. पुढच्या वेळी." तिनं साखर माझ्या तळहातावर ठेवली. मी ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, तेव्हा ती तळघरात मशीनला कपडे लावत होती.

"आईनं पाहिलं?" त्यानं नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये विचारलं.

"हो. रडली. तिच्यापाशी विषय काढू नकोस, परत रडेल."

त्यानं कधी काढला नाही. पुन्हा कधी उतरलाही नाही.

ती गेली तेव्हा तो आला होता. तिच्या साड्या घड्या करताना म्हणाला, "एकदा तरी तिनं मला खेळताना पाहिलं." मी पुढची साडी त्याच्या हातात दिली. त्याला मराठी समजतं, वाचता येत नाही. म्हणूनच बहुधा मला हे लिहायला जमतंय.

तिच्या आजारपणात मी उशाशी बसून कितीदा तरी सुरुवात केली, "अगं, त्या शनिवारी..." ती डोळे उघडून माझ्याकडे बघत राहायची. आणि मी विचारायचो, "पाणी देऊ?"