कोरडवाहू तुकडा

"आधी तो कॉक बंद करा, मग बोला." सकाळी नमस्कार केला की आमच्या विभागातल्या मॅडमचं हे उत्तर यायचं. तोवर पदर खोचून त्या स्वतःच पाण्याच्या पाइपाजवळ पोचलेल्या असायच्या.

तुम्ही कुठल्याही विभागात नोकरी केली असेल, तर आमचा विभागही तुम्हाला ओळखीचा वाटेल. परभणीजवळच्या एका कृषी महाविद्यालयात आम्ही शिकवायचो. रस्त्याकडेला प्रात्यक्षिकाचा प्लॉट होता. त्यावर दिवसभर तुषार सिंचन चालू, म्हणून तो कायम हिरवागार. पाहुणे यायचे, फोटो काढून जायचे.

मॅडमचं मागणं एवढंच होतं, की अर्धा प्लॉट नुसत्या पावसावर सोडा. "आपली निम्मी पोरं जिंतूरकडची. त्यांच्या वावरात कुठाय पाणी? आपण त्यांना काय शिकवायलोय?"

बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. बदलाला तोंडावर विरोध करायचा नाही, एवढं आम्हा प्राध्यापकांना पक्कं कळतं. विभागप्रमुख म्हणाले, "बराबर आहे मॅडम. पण आधी दुसऱ्या विभागाला करू द्या की." मॅडमनी त्यांना असं झापलं, की कुणी चहाला हात लावला नाही. तुकडा मिळाला.

ऑगस्टात पावसानं ओढ दिली. तुकड्यातलं सोयाबीन माना टाकू लागलं आणि एरवी जांभया देणारी पोरं बांधावर उकिडवी बसून विचारू लागली, "मॅडम, आमच्याकडंबी असंच झालंय. आता काय करावं?" मॅडम स्वतः हातकोळपं धरून ओल कशी टिकवायची ते दाखवायच्या. इतका रंगलेला तास मी आमच्या विभागात दुसरा पाहिला नाही.

मग तपासणी समिती येणार असं कळलं. रविवारी, मॅडम नसताना, विभागप्रमुखांनी त्या तुकड्यावरही पाणी सोडलं. सोमवारी मॅडम चिखलात उभ्या होत्या.

"विभागाच्या इज्जतीचा सवाल होता, मॅडम."

"अन् पोरांच्या हंगामाचं काय?" त्या ओरडल्या.

ते आठवलं की माझं डोकं आजही फिरतं. दोन फोटोंसाठी या लोकांनी पोरांचं शिकणं बुडवलं, आणि वर समितीला तोच तुकडा 'नवा उपक्रम' म्हणून दाखवला!

मॅडम यंदा निवृत्त झाल्या. ज्यांनी पाणी सोडलं, त्यांनीच निरोपाच्या भाषणात त्यांना बदलाची प्रेरणा म्हटलं. तुकड्याला त्यांचं नाव द्यायचं ठरलं. उद्घाटनाला बोलवायला फोन मीच केला.

"कॉक बंद झाला की सांगा, येते," त्या म्हणाल्या.

त्यांच्या नावाची पाटी लागून महिना झाला. तिच्यावरून तुषाराचं पाणी निथळतंय, आणि मी अजून त्यांना परत फोन केलेला नाही.