शेऱ्याचा रकाना

चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलचं सूत रंगवण्याचा माझा कारखाना आहे. कुणाच्या मदतीशिवाय उभा केला, आणि भाव पाडल्याशिवाय एक खिळाही विकत घेतला नाही.

आमच्या रंगांच्या कृती एका जुन्या कॉम्प्युटरवर होत्या. भवानी पेठेतल्या एका प्रोग्रामवाल्यानं ती सोय पंधरा वर्षांपूर्वी करून दिली होती. आमचे रंगारी मामा, घरात तेलुगू आणि कारखान्यात मराठी बोलणारे, शेजारी बसून सांगत गेले आणि तो टाइप करत गेला. प्रत्येक रंगाला एक पान. रंग किती, मीठ किती, वेळ किती. शेवटी एक रकाना, शेऱ्याचा.

मग तो कॉम्प्युटर थकला. प्रोग्रामवाला म्हणाला, "नव्या मशिनवर हे चालणार नाही. आता क्लाउडवर जा." म्हणजे माहिती माझी, आणि ती बघायला दरवर्षी भाडंही मीच भरायचं! हा राग आजही गेलेला नाही. तो मी क्लाउड कंपनीच्या मुलीवर काढला. तासभर घासाघीस केली. ती भाड्यातला रुपया सोडेना. शेवटी म्हणाली, "सर, जुनी माहिती इकडे आणायचा खर्च रकान्यांवर आहे. रकाने कमी केलेत तर तो कमी होईल."

मी शेऱ्यावर बोट ठेवलं. त्यात मामांच्या गप्पा होत्या: घाई केली की रुसतो, ढगाळ हवेत सावकाश वाळवणे.

"सर, नक्की काढू?"

"गप्पांनी काय रंग बसतो का, ताई?"

त्या दिवशी मी खुशीत होतो. जुना कॉम्प्युटरही नव्याच्या बदल्यात देऊन टाकला.

उन्हाळ्यात नळाचं पाणी कमी झालं आणि आम्ही बोअरवर आलो. मरून रंगाची मोठी ऑर्डर होती. मामा कॉम्प्युटरवरून काढलेली कृतीची छापील चिठ्ठी घेऊन टाकीपाशी घुटमळत होते.

"मालक, ह्या मरूनचं पाण्याचं कायतरी होतं की. चिठ्ठीत न्हाई."

"चिठ्ठीत नाही म्हणजे नाही. कॉम्प्युटरपेक्षा तुम्ही शहाणे का?"

"शहाना न्हाई, पण थांबा की जरा."

मी थांबलो नाही. सगळा लॉट काळवंडला. सूत बाहेर आलं तेव्हा रंगखात्यातली सगळी माणसं भोवती उभी होती, आणि मी ओरडलो, "हात गेले तुमचे, मामा! डोळेही गेले. आता घरी बसा!" मामांनी हात पुसले, डबा उचलला आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी प्रोग्रामवाल्याकडे गेलो. दरवर्षी कॉम्प्युटर तपासायला यायचा तेव्हा तो माझ्या माहितीची कॉपी घेऊन ठेवायचा, मी स्वतः कधी घेत नव्हतो म्हणून. त्यानं मरूनचं पान उघडलं. शेरा होता: बोअरच्या पाण्यात काळा पडतो, टँकर मागवणे.

मी खिशात हात घातला.

"आज भाव न्हाई करत, व्हय?" तो हसला. त्यानं काही घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

तिथून चार गल्ल्यांवर मामांचं घर. त्यांनी चहा दिला. मी म्हणालो, "मामा, तो शेरा मीच काढायला लावला होता. तुमचं बरोबर होतं."

ते बशीत चहा ओतत राहिले. मग म्हणाले, "हितं कोण हाय ऐकायला? तितं समदे होते की."

सकाळी ते कामावर आले. शेऱ्याचा रकाना जास्तीचे पैसे भरून मी परत बसवून घेतला; भाडंही भरतो. त्यात मामा आता नवीन काही सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "चिठ्ठीत हाय ते बास हाय."

आज सगळ्यांसमोर म्हणायचं, असं रोज ठरवून मी खात्यात जातो. माणसं काम थांबवून माझ्याकडे बघतात, मामाही बघतात. मी पाणी किती आहे ते विचारतो आणि ऑफिसात परत येतो.