लाल गाडी कुणी चालवली

आमच्या घरात एक गोष्ट पंचवीसेक वर्षं सांगितली जाते आहे आणि ती खोटी आहे. खरं काय घडलं ते फक्त मला माहीत होतं. लिहून टाकावं असं पुष्कळदा वाटलं, पण दर वेळी मी काहीतरी कारण काढून उठलो. चष्मा सापडत नाही, मनगट दुखतं, पाहुणे यायचेत. आता सत्तरी आली. गोष्ट एका व्हिडिओ गेमची आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला हलकी वाटेल. माझ्या मुलीच्या अंगाला मात्र ती इतकी वर्षं चिकटून राहिली.

घरात ती अशी सांगतात. मुलगी दहावीला असताना चोरून कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायची. एकदा तिनं भावाचा रेकॉर्ड मोडला आणि त्यातच पकडली गेली. पकडल्यावरसुद्धा ‘मी नाही, मी नाही’ म्हणत राहिली. माझा मुलगा ही गोष्ट फार रंगवून सांगतो. लग्नात, बारशाला, नव्या सुनेची ओळख करून देताना. लोक पोट धरून हसतात. मुलगीही हसते.

तेव्हा आम्ही शहरात, पुंडलिकनगरात, नुकतेच राहायला आलो होतो. मी चिकलठाण्याच्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन, बायको अंगणवाडीत. आम्ही दोघंही खेड्यातून शिकून वर आलेले, त्यामुळे पोरांच्या शिक्षणापुढं आम्हाला दुसरं काही दिसत नसे. गल्लीतला पहिला कॉम्प्युटर आमच्याकडं आला. बाहेरच्या खोलीत, खिडकीशेजारी, बायकोनं शिवलेल्या फुलाफुलांच्या कव्हराखाली तो बसला. जोडून देणाऱ्या पोरानं जाता जाता त्यात एक गेम टाकला. ‘मुलांचा हात बसंल काका,’ म्हणाला. नाव काय टाकू म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा मुलगी शेजारी उभी होती. तिनं आपलं नाव सांगितलं. थोरली होती, तिचाच मान.

गेम म्हणजे एक लाल गाडी होती. रस्ता समुद्राकाठानं निघायचा, मग एक लांब पूल, मग बोगदा. बोगद्यात शिरलं की इंजिनाचा आवाज घुमायला लागायचा, आणि बाहेर पडलं की एकदम पांढरं ऊन. त्यापुढं डोंगराचं वळण. तिथं भले भले खाली जायचे.

मी नियम केला. रविवारी विहारातून आलं की मुलानं तासभर खेळायचं, एरवी हात लावायचा नाही. मुलीला नियम करावाच लागला नाही. दहावी होईपर्यंत मला नको, असं ती स्वतःच म्हणाली. भाऊ खेळत असला की त्याच्याकडं पाठ करून गणितं सोडवायची आणि म्हणायची, “तुझ्या गाडीला सायलेन्सर बसव रे जरा.”

माझी सेकंड शिफ्ट असली की मी दुपारी घराबाहेर पडायचो. सकाळभर घर रिकामं. एक दिवस पोरं ज्याच्यासाठी एवढी जीव टाकतात ते आहे तरी काय, म्हणून मी गेम लावला. पहिल्याच पुलावरून गाडी समुद्रात गेली. दुसऱ्यांदा लावला. मग तिसऱ्यांदा.

आयुष्यात मी चारचाकी चालवलेली नाही. कंपनीत साहेबांच्या गाडीची बॅटरी उतरली की मला बोलावणं यायचं, पण स्टिअरिंगला हात लावायला कुणी बोलावलं नाही. लहानपणी पिशोरला बाजाराच्या दिवशी येणारे ट्रक बघायला आम्ही पोरं उभी राहायचो, तेवढाच गाड्यांशी संबंध. आणि आता चाळिशी उलटून गेलेला मी, बनियनवर, खिडकीचा पडदा ओढून, लाल गाडी समुद्राकाठानं पळवत होतो. वळणावर खुर्चीतल्या खुर्चीत कलत होतो. पुढच्या गाडीला तोंडानं म्हणत होतो, “अय, सरक की बाजूला!” डबा भरायचा विसरून दोनदा उपाशी कंपनीत गेलो. खेळणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. मुलं शाळेतून यायच्या आत कव्हर पुन्हा घातलं की मी पुन्हा कडक बाप व्हायचो.

अशाच एका सकाळी डोंगराचं वळण मला न घसरता जमलं. गाडी पहिली आली. पडद्यावर दिवे नाचले आणि नावांची यादी आली. सगळ्यात वर नाव लिहायची जागा होती आणि तिथं मुलीचं नाव आधीच आलेलं होतं. मुलगा दर वेळी ते पुसून आपलं टाकत असे. मी नुसतं बटण दाबलं. खरं सांगायचं तर मी निर्धास्त होतो. आमच्या कंपनीत मशीनचा मेन स्विच बंद केला की काउंटर शून्यावर यायचा. कॉम्प्युटरचंही तसंच असणार असं मी धरून चाललो. स्विच बंद केला, कव्हर घातलं, कामावर गेलो.

रविवारी मुलानं गेम लावला आणि ओरडलाच.

“ताई! तू खेळलीस!”

“काय खेळले?”

“हे बघ. तुझं नाव. माझ्या वर!”

“मी नाय खेळले.”

“मग कुणी, भुतानं? तुझं नाव घेऊन आलं व्हतं का भूत?”

बायको पिठाच्या हातानं बाहेर आली. “अगं, दहावीचं वर्ष आहे बाई. अन् तूच म्हणत होतीस ना, मला नको म्हणून?”

मी कोपऱ्यात इस्त्रीची वायर बदलत बसलो होतो. मुलगी माझ्याकडं आली. घरात यंत्रांतलं मलाच कळतं, म्हणून न्याय मागायला माझ्याकडं आली.

“बाबा, मी हातसुद्धा लावला नाय. तुम्ही सांगा ना याला.”

एक वाक्य बोलायचं होतं. पण नियम करणारा मी, ‘वेळ वाया घालवू नका’ म्हणून रोज बोलणारा मी. बायको बघत होती, मुलगा बघत होता. मी वायरीवरची नजर न काढता म्हणालो, “खेळलीस तर खेळलीस. खोटं कशाला बोलतेस?”

ती रडली नाही. वही उचलून आत गेली.

पुढच्या रविवारी विहारात आम्ही चौघं नेहमीसारखे ओळीनं बसलो. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन असं जिथं म्हणतात तिथं, माझा आवाज बारीक झाला. मुलगी माझ्या शेजारीच होती. तिनं ते नेहमीसारखं स्वच्छ म्हटलं.

मी तो गेम काढून टाकायला लावला. शिस्त म्हणून नाही, घाबरून. मुलाचा गेम गेला, त्याचा राग त्यानं बहिणीवर काढला आणि बरेच दिवस तिच्याशी बोलला नाही. माझाही गेम गेला, ते सांगायची सोय नव्हती. दहावीला तिला चांगले गुण पडले. आधी ती कॉम्प्युटरचा डिप्लोमा करीन म्हणायची. निकालानंतर म्हणाली, “मला त्या डब्याशी काय करायचं नाय.” मी फार विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं कारण सांगितलं असतं. ती शिक्षिका झाली, चांगली झाली. पिशोरच्या शाळेत शिकवते, पोरं तिच्यामागं फिरतात. पण परवापरवापर्यंत शाळेत कॉम्प्युटरचं काही निघालं की ती ते काम दुसऱ्या बाईंच्या गळ्यात घालायची, हे मला तिच्या मुलीकडून कळायचं.

या उन्हाळ्यात दोघं भावंडं एकदमच घरी आली. मुलगा पुण्याहून, मुलगी पिशोरहून. दुपारी कूलर लावून सगळे बाहेरच्या खोलीत पडलो होतो. मुलानं लॅपटॉप काढला. “ताई, काय सापडलं सांग. आपला गेम! जुने गेम नव्या मशीनवर चालतील असे करून ठेवलेत लोकांनी.” आणि त्यानं तो लावला. तोच समुद्र, तोच पूल. स्पीकरमधून इंजिनाचा आवाज आला आणि माझी बोटं मांडीवर हलली. मी हात उशीखाली घेतले.

“आता चॅम्पियनला खेळू द्या,” मुलगा म्हणाला आणि लॅपटॉप बहिणीपुढं सरकवला. तिची लेक, माझी नात, आईला टेकून बसली. तिनं ती गोष्ट मामाच्या तोंडून किती वेळा तरी ऐकलेली.

मुलीनं कुठलं बटण म्हणून विचारलं. गाडी उलटी फिरली, कठड्याला धडकली, मग पुलावरून खाली गेली. पुन्हा लावलं, पुन्हा खाली.

“मामा, आईला तर येतच नाय!” नात म्हणाली. “रेकॉर्ड कसा केला मग?”

“विसरली आता ती. म्हातारी झाली.”

“आबा, तुम्ही खेळा.”

लॅपटॉप माझ्या मांडीवर आला. मी मुद्दाम गाडी दगडावर घातली. सगळे हसले. बायको म्हणाली, “यांना पंख्याचं बटण दाबू द्या, तेवढंच जमतं.” मलाही हसू आलं. सुटल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात नातीनं आईला विचारलं, “आई, खरं सांग. तेव्हा तू खोटं बोलली होतीस ना?”

माझी मुलगी तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, “बोलले असंन बाई. लहान होते.”

पंधरा वर्षांची असताना जे तिनं कबूल केलं नाही, ते आता वाद नको म्हणून ती आपल्या लेकीपुढं कबूल करत होती. माझ्यासाठी. तिला माहीत नसताना माझ्यासाठी.

“परत लाव गं,” मी नातीला म्हणालो.

या वेळी मी चष्मा वर सरकवला आणि खुर्चीत बसलो. बोटं जड झालीत, पण रस्ता त्यांना पाठ होता. पूल गेला, बोगदा आला, आवाज घुमला, ऊन आलं. डोंगराच्या वळणाला मी कललो, मागचं चाक थोडं घसरलं आणि गाडी निघाली. पहिला नाही आलो. दुसरा आलो.

“बाबा?” मुलगा म्हणाला. “तुम्ही?”

मुलगी पडद्याकडं बघत नव्हती, माझ्या हातांकडं बघत होती. म्हणाली, “सेकंड शिफ्ट.”

ती माझ्याकडं वळली.

“तेव्हा तुमची सेकंड शिफ्ट व्हती बाबा. सकाळी तुम्ही घरी असायचात.”

“व्हय,” मी म्हणालो.

“म्हंजे आबा खोटं बोलले होते?” नात म्हणाली.

“व्हय. तुझी आई खरं बोलली होती. आबा खोटं बोलले.”

मला वाटलं ती उठून जाईल. ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईतो हसली, मध्येच थांबली, पुन्हा हसली. “बनियनवर?” तिनं विचारलं. “शाळेतून आलं की पडदा ओढलेला असायचा, तो यासाठी?” मी मान डोलावली तशी बायको म्हणाली, “तरीच डबा राहायचा घरी!” मुलगा उठला, बहिणीपुढं बसला आणि दोन्ही कान धरले. “ताई, माफ कर. एवढी वर्षं तुला छळलं. लग्नातसुद्धा.” तिनं त्याच्या टाळक्यात एक ठेवून दिली आणि विषय संपला. किती सोपं होतं ते त्याला. मी खुर्चीतून बघत होतो.

पुढचे दिवस घर आनंदात होतं. मायलेकी लॅपटॉप घेऊन बसायच्या. “आबा, बोगद्यानंतर ब्रेक कधी?” नात विचारायची, आणि मुलगी म्हणायची, “विचार विचार, खरे चॅम्पियन तेच आहेत.” चार दिवसांत ती पूल ओलांडायला लागली. बोगद्यातून पहिल्यांदा बाहेर पडली तेव्हा अशी ओरडली की शेजारीण डोकावली. निघायच्या आदल्या संध्याकाळी भावाला म्हणाली, “हा मला शाळेतल्या कॉम्प्युटरवर टाकून देता येईल का रे? पोरांचा हात बसंल. अन् माझाही.” पुढच्या वर्षी शाळेतली कॉम्प्युटरची खोली बघायला कुणी नाही, ती घ्यावी का, असंही तिनं त्याला विचारलं. त्यानं घे म्हटलं. मी शेजारच्या खोलीतून ऐकलं.

पण त्या सगळ्या दिवसांत मी खोटं बोललो एवढंच म्हणालो होतो, तेही नातीला. मुलीला काही म्हणालो नव्हतो. म्हणून त्यांना सोडायला हर्सूलपर्यंत रिक्षानं गेलो. पिशोरची गाडी तिथूनच धरतात. वाक्य मी मनात तयार केलं होतं. रिक्षात नात सारखी बोलत होती. नाक्यावर उन्हात उभे राहिलो तर ओळखीचे भेटले. गाडी आली, बॅगा चढल्या, नात चढली. मुलगी पायरीवर पाय ठेवून मागं वळली.

“काही म्हणत व्हता का बाबा?”

“पाणी घेतलंस का बरोबर?”

“घेतलं,” ती म्हणाली. क्षणभर थांबली, माझ्याकडं बघितलं, मग कंडक्टरनं आवाज दिला आणि ती चढली.

गाडी तिथल्या तलावाच्या बाजूनं वळून दिसेनाशी झाली, तेव्हा ते वाक्य तोंडात तसंच होतं. मोठं नव्हतं. माय, त्या दिवशी तू खरं बोलत होतीस हे मला माहीत होतं, तरी मी तुला खोटी म्हणालो. मला माफ कर.