मी, जस्ताच्या पत्र्यावर

चित्रकलेच्या मास्तरने स्वतःचं चित्र काढू नये. काढलंच तर साकोलीत कोणाला दाखवू नये. मी दोन्ही केलं, आणि तेव्हापासून आमच्या स्टाफरूममध्ये चहासोबत बिस्किटांची गरज उरली नाही!

जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने स्वतःचा चेहरा ओरबाडला, पत्रा अ‍ॅसिडमध्ये बुडवला, शाई भरून कागदावर छापला. चेहऱ्यापेक्षा आतली घालमेल दिसावी, असं आम्हा एक्स्प्रेशनिस्ट लोकांचं म्हणणं. म्हणून डोळे वटारलेले, तोंड वासलेलं, केस उभे. इच्छा एकच होती, कोणीतरी बघून म्हणावं, "अरे, हे तर तुम्हीच!"

*

पहिला मान बायकोला. तिने चित्र जवळ धरलं, लांब धरलं.

"अजी, कोण आहे हा? दाढ दुखून राहिली का याची?"

*

माझ्या डाव्या भुवईवर जुना व्रण आहे. छापताना चित्र उलटं उमटतं, म्हणून मी हुशारीने आरशात दिसतं त्याच्या उलट कोरलं. आरशाने आधीच एकदा उलटं केलेलं असतं, हे छापल्यावर लक्षात आलं! व्रण गेला उजवीकडे.

गणिताचे कापगते सर म्हणाले, "चित्र राहू द्या सर. चेहऱ्यावरचा व्रणच तेवढा उजवीकडे करून घ्या!"

*

चित्र गावी सानगडीला, आईकडे नेलं. ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आईने तरी ओळखलं!

"मस्त बनवला लेका. पण आपल्या घरी कायले आणला? ज्याचा आहे त्याले देऊन दे ना!"

*

शेवटी माझा वर्गमित्र देवाजी भेटला. त्याचं नवं घर बांधणं चालू होतं. "मले दे, घरी लावतो," चित्र बघून म्हणाला. मला इतका आनंद झाला की फ्रेमही मीच करून दिली.

रविवारी बघायला गेलो, तर अर्ध्या बांधलेल्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूने, लिंबू-मिरची आणि फाटक्या चपलेच्या मधोमध मी!

"नजर नाही लागत ना गा," देवाजी शांतपणे म्हणाला. "बजारातल्या राक्षसापेक्षा हा भारी आहे."

माझं डोकंच फिरलं. शिडी लावून वर चढलो, चित्र काढून काखेत मारलं, आणि तिथूनच डोळे वटारून देवाजीवर ओरडलो.

खाली खाटेवर त्याची आजी बसली होती. तिने मला आधी कधी पाहिलं नव्हतं. तिने वर पाहिलं आणि ताडकन उठली.

"धाव गा देवाजी! भिंतीवरचा जित्ता झाला!"