सोपटाचं माप

जाडी कमी करायच्या गोळ्या मी दुकानात अगदी दर्शनी मांडल्या होत्या, हे आधीच सांगून टाकतो. हिरवं खोकं आणि त्यावर कमरेत बारीक अशी बाई. डॉक्टरची चिठ्ठी लागत नव्हती आणि खपही बरा होता. माझं मेडिकल पंचवटीत. पायरीला लागूनच सुवर्णावहिनी हार विकायला बसायच्या. दोन हजार चार सालची गोष्ट.

वहिनींच्या घरचा मळा मखमलाबादच्या बाजूला, गुलाबाचा. लग्न होऊन आल्यापासून सकाळी दोन ओळींमधल्या सरीत शिरून फुलं तोडायचं काम त्यांचं. दुसऱ्या बाळंतपणानंतर अंग सुटलं ते सुटलंच. एक दिवस सासू, साळूबाई, म्हणाली, "सरीत मावत नाय तू. फांद्या मोडत्यात. उद्यापासून बाजारात बस." तेव्हापासून तीन वर्षं फुलं त्यांना पाटीतूनच भेटायची. गिऱ्हाईक नसलं की मळ्याचं बोलणं सुरू. दवानं पदर कसा भिजतो, पलीकडच्या सरीत फुलं तोडणारी कुसाबाई दिसत नाही पण बोलत कशी राहते, ओरखडे उठले तरी कळत कसं नाही.

"माहेरी गेल्यावरबी इतकं बरं वाटत नाय, भाऊ," त्या म्हणायच्या. मला त्यातलं काही कळायचं नाही. मला फुलांनी शिंका येतात.

त्या वर्षी घरात ठरलं, दिवाळी झाली की मळा मोडून प्लॉट पाडायचे. वहिनी कुणाला काही बोलल्या नाहीत. गणपती गेले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी येऊन हिरव्या खोक्याकडे बोट दाखवलं.

"खरं सांगा. फायदा काय न् तोटा काय?"

"भूक मरते. कुणाकुणाचं दोन-चार किलो उतरतं. गोळी सोडली की बहुतेक परत येतं."

"आन् तोटा?"

"छाती धडधडते, झोप उडते, हात कापतात. आत नक्की काय घातलंय ते खोक्यावर धड लिहिलेलं नाही. आधी डॉक्टरला दाखवा."

"डॉक्टर म्हणतील, जेवण सांभाळा, चाला, सावकाश उतरंल. मला दिवाळीच्या आत पाहिजे."

दोन दिवस त्यांचा जीव वर-खाली होत राहिला. हात कापले तर हार कसे बांधायचे? आणि नुसतं बसून राहिलं तर मळा तसाच जायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी खोकं मागितलं. मी दिलं. नाही म्हणता आलं असतं, म्हटलं नाही.

माझा वजनकाटा दुकानाच्या दारातच होता, पण भर बाजारात त्यावर चढायला त्या तयार नव्हत्या. त्यांनी आपलं माप आपणच घेतलं. हार बांधायला केळीच्या खोडाचं सोपट लागतं. त्याचे पट्टे बादलीत भिजत ठेवलेले असतात. त्यातला एक ओला पट्टा त्यांनी कमरेभोवती गुंडाळला, जिथं टोक आलं तिथं गाठ मारली आणि पाटीखाली जपून ठेवला. पंधरा दिवसांनी पुन्हा कमरेला लावला, तर गाठ टोकापर्यंत पोचेना. चांगली दोन बोटं कमी पडली. त्यांना वाटलं, बारीक व्हायचं सोडून आपण वाढलोच. त्यांनी एकाच्या दोन गोळ्या सुरू केल्या आणि रात्रीची भाकरी सोडली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूच्या ढिगावरच त्या आडव्या झाल्या. मी धावलो. नाडी हाताखाली नुसती पळत होती. रिक्षा करून डॉक्टरकडे नेलं. तिथं साळूबाई आली आणि तिच्यासमोर सगळं बाहेर पडलं. वहिनींनी कमरेला खोचलेलं सोपट काढून दाखवलं.

साळूबाईनं ते हातात घेतलं, वळवून पाहिलं. "अगं, वाळल्यावर सोपट आकसतं. म्हणून तर हार ओल्यात बांधायचा, गाठ आवळती. मीच शिकवलं ना तुला?"

वहिनींना हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? रोज शंभर गाठी बांधणारी बाई. मळ्याच्या ओढीनं साधी गोष्ट डोक्यातून गेली.

"एवढं बारीक कशापायी व्हायचं होतं?"

"सरीत जायचं होतं, आत्या. मळा हाय तवर एकदा."

गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, आणि मी दुकानातली सगळी खोकी परत पाठवली. त्यानं माझं मन हलकं झालं असं मात्र नाही.

वसुबारसेच्या सकाळी वहिनींचा नवरा वाल्मीक मला मळ्यात घेऊन गेला. साळूबाईनं आणि त्यानं मधली गुलाबाची एक अख्खी ओळ उपटून काढली होती. बैलगाडी जाईल एवढी वाट झाली होती. "मोडायचाच हाय, तर आज एक ओळ," साळूबाई म्हणाली. वहिनी त्या वाटेनं थोडं चालल्या. हात लांब केला तरी फांदी लागेना. तिथंच थांबल्या, डोळे पुसले आणि अंग तिरकं करून शेजारच्या अरुंद सरीत शिरल्या. फांद्या कडाकडा मोडल्या. मी साळूबाईकडे पाहिलं.

"मोडू दे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वहिनी पायरीशेजारी हार बांधत बसल्या होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले. मी मलमाची ट्यूब पुढं केली.

"राहू द्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "इतक्यात बरं व्हायला नको."