दहावं पान

पंगतकाकूंना माणसं मोजावी लागत नसत. दारात उभं राहून हॉलवरून एक नजर फिरवली की त्या सांगत, "दोन पंगती आणि वर सात." सात म्हणजे सातच निघत. दिल्लीजवळच्या इंदिरापुरमच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीचा महाप्रसाद वीस वर्षं त्यांच्या हाताखाली चालला, पण मसालेभात कधी उरला नाही आणि कुणाला कमीही पडला नाही. त्यांचं आडनाव पावतीपुस्तकात होतं. आमच्या तोंडी मात्र पंगतकाकूच.

काकांच्या बदलीमुळे त्या इथे आल्या तेव्हा आमच्या सोसायटीच्या जागी मोहरीचं शेत होतं. पुढे मॉल आले, मेट्रो आली, काका गेले, लेक लग्न होऊन नाशिकला गेली. काकूंची हिंदी मात्र पहिल्या दिवशी होती तिथेच राहिली. महाप्रसादात मधेच घुसणाऱ्याला त्या ठणकावत, "भैया, आपका पान इधर नहीं है, उधर बसो." आणि तो बापडा मुकाट्याने उधर बसत असे.

करोनाच्या दुसऱ्या वर्षी मंडळाच्या हॉलमध्ये लसीकरण केंद्र सुरू करायचं ठरलं. लस आणि सिस्टर सरकारच्या; बाकी सगळं आमच्या गळ्यात. जनरेटरचं डिझेल, कूलर, भाड्याच्या खुर्च्या, पाणी, सिस्टरचं जेवण, त्यांना घरी सोडणारी रिक्षा. अध्यक्ष कुरकुरले, "गणपतीच्या पैशाला हात लावायचा?" काकू म्हणाल्या, "बाप्पा यंदाही घरीच बसणार आहेत. त्यांचे पैसे तरी बाहेर पडू देत." विषय संपला. लॅपटॉपवर नावं नोंदवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी घरून नोकरी करत होते आणि घरून नोकरी करणारा माणूस रिकामाच असतो अशी आमच्या मंडळाची समजूत आहे.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. एका कुपीत दहा डोस असतात आणि ती उघडली की चार तासांत संपवावी लागते. अनिता सिस्टरने तिघांसाठी कुपी उघडली, पुढे कुणी आलंच नाही, आणि सात डोस फेकावे लागले. असंच चाललं तर केंद्र हायवेपलीकडे हलवू, असा वरून निरोप आला. सोसायटीतल्यांना काय, गाडी काढली की झालं. पण शेजारच्या गावातल्या कामवाल्या, गार्ड, रिक्षावाले यांचं काय? त्यांना हायवेपलीकडे जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडवणं. ते गेलेच नसते. काकूंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. "सात पानं वाढून उकिरड्यावर टाकली," एवढंच त्या परत परत म्हणत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून कायदा बदलला. पंगत पूर्ण बसल्याशिवाय पातेल्याचं झाकण काढायचं नाही. दहा खुर्च्या लांब लांब मांडायच्या, दहा माणसं बसली की मगच कुपी उघडायची. तोवर कुणी कंटाळून उठू नये म्हणून काकू प्रत्येकाला लिंबाचं सरबत देत आणि गावाची चौकशी करत. सिस्टर आधी हसली. आठवडाभरात तीही दारातल्या माणसाला मराठीत "बसा, बसा" म्हणू लागली.

नऊवर गाडी अडली की काकू स्वतः रस्त्यावर जात. एकदा भाजीवाल्याला घेऊन आल्या. तो म्हणाला, "माताजी, ठेला कौन देखेगा?" टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचा नियम होता. काकू म्हणाल्या, "मैं देखती ना. तुम बैठो." आणि खरंच भर उन्हात त्याच्या गाडीपाशी उभ्या राहून त्यांनी सगळी भेंडी विकली. तक्रार एकच आली. दिल्लीत भाजीवर मूठभर कोथिंबीर आणि मिरच्या फुकट मिळतात, त्या काकूंनी कुणालाच दिल्या नाहीत.

"लस फुकट आहे गं," त्या मला म्हणाल्या, "पण त्याचा अर्धा तास फुकट नाही. फुकट काही नसतंच. कुणीतरी वाढलेलं असतं."

माझ्याकडे नोंदीची एक वहीही होती. रोज सकाळी काकू सांगत, "दहावं पान माझं धर. कुणी आलं तर मी उठते." मी पेन्सिलीने त्यांचं नाव लिही. कुणीतरी येई. मी नाव खोडून त्याचं लिही. हे कित्येक आठवडे चाललं होतं आणि त्यात काही वावगं आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. एका दुपारी यादी तपासताना लक्षात आलं की हे नाव शाईने एकदाही लिहिलेलं नाही. रोज शंभर माणसांत वावरणारी सत्तरीची बाई, आणि तिने स्वतःच लस घेतलेली नाही. मला त्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"काकू, हा काय वेडेपणा?"

"वेडेपणा कसला? घरचा माणूस कधी आधी जेवतो का?"

"अहो, हे जेवण आहे का?"

"उद्या बघू," म्हणून त्या सरबत ढवळायला गेल्या. उद्याही कुणीतरी आलंच, आणि परवाही.

शेवटी मंडळाचे पैसे संपत आले. तोवर गावातच सरकारी केंद्र उघडलं होतं, त्यामुळे आमचं बंद करायला कुणाची हरकत नव्हती. शेवटच्या दिवशी शेवटच्या कुपीला नऊ माणसं बसली. काकू चपला घालून रस्त्याकडे निघाल्या, तर सिस्टर दार अडवून उभी राहिली.

"दसवाँ मिल गया, काकू."

"कुठाय?"

सिस्टरने रिकामी खुर्ची पुढे ओढली. "काकू, बसा."

त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी वही उघडून त्यांचं नाव शाईने लिहिलं. मग बसल्या. सुई टोचताना त्यांनी डोळे घट्ट मिटले. त्यानंतर अर्धा तास त्या एका जागी बसून होत्या आणि सरबत मी वाढलं. वीस वर्षांत त्यांना असं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

पुढच्याच महिन्यात लेक येऊन त्यांना कायमची नाशिकला घेऊन गेली. निघताना त्यांनी मंडळाच्या हॉलमधल्या खुर्च्या दोनदा मोजून घेतल्या. दुसरा डोस तिथेच घेतला आणि संध्याकाळी मला फोन केला.

"अगं, तिथेही नऊच जण होते. सिस्टर कुपी न उघडता थांबली होती. मी गेले आणि उघडली."

"म्हणजे तुमचीच पद्धत की, काकू."



"इतकी वर्षं मी लोकांची वाट बघत उभी राहिले गं," त्या म्हणाल्या. "माझी वाट बघत बसलेली नऊ माणसं आज पहिल्यांदा बघितली."